गुण कुणाचा?

आमच्याकडं औषध लागू पडलं असं कुणी म्हणत नाही. ‘गुण आला’ म्हणतात. आणि नाही आला तर ‘त्याचं भरलंच होतं’ म्हणतात. म्हणजे गुण आला की तो झाडाचा आणि देणाऱ्याच्या हाताचा. नाही आला की दोष नशिबाचा. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात काहीतरी चुकतंय हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. ज्या बाईमुळं ते कळलं, तिला मात्र मी ते कधी सांगू शकलो नाही.

आमचं कवठे येमाई शिरूर तालुक्याच्या बेट भागात येतं. एका अंगाला घोड, दुसऱ्या अंगाला कुकडी, म्हणून बेट. नाव ऐकून पाहुण्याला वाटावं की इथं पाणीच पाणी असेल. पण माझ्या लहानपणी नद्या आपल्या वाटेनं जायच्या आणि आमच्या वाट्याला माळ यायचा. बाजरी, मटकी, हुलगा, आणि उरलेल्या जागेत देवानं पेरलेलं. ते देवानं पेरलेलं म्हणजेच आमचा दवाखाना. बांधाला तरवड, ओढ्याला निगडी, गावकुसाला रुई आणि धोत्रा, लिंबावर चढलेली गुळवेल, निवडुंगाच्या आडोशाला कांडवेल. विळा लागला की दगडी पाला चोळून रस पिळायचा. अंग मोडून आलं की निगडीचा पाला उकळून शेकायचं. लघवीला जळजळ झाली की सराट्याचा काढा. गजकर्ण उठलं की टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचं. विंचू चावला की आघाड्याचं मूळ उगाळायचं.

एकेका झाडाला नावं तरी किती! दगडी पाल्यालाच कुणी कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी, कुणी जखमजोडी. एकदांडी म्हणणाऱ्यानं त्याचं रूप बघितलं, लांब दांड्यावर एकुलतं एक फूल. जखमजोडी म्हणणाऱ्यानं त्याचं काम बघितलं. सराट्याचं गोखरू, टाकळ्याचा तरोटा. घेटुळी आणि खापरा ही नावं तर वेस ओलांडली की अदलाबदल होतात. गंमत म्हणजे हा दगडी पाला मुळात आपला नव्हेच. अमेरिका खंडातलं तण ते, जहाजांबरोबर कधीतरी इकडं आलं. आपण ज्याला वाडवडलांपासूनचं म्हणतो, त्यातलं काही वाडवडलांनी डोळे उघडे ठेवून नव्यानं शिकलेलं असतं. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

माझी एक चुलत आजी काविळीचं औषध द्यायची. रविवार आणि बुधवार, सकाळच्या पारी. लांबलांबून माणसं यायची. ओट्यावर बसवून ती आधी प्रत्येकाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची, लघवीचा रंग विचारायची. मग आत जाऊन वाटलेली हिरवी गोळी दुधातून द्यायची. झाड कोणतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पहाटे अंधारात जाऊन ती पाला आणायची आणि कुणी उठायच्या आत वाटून ठेवायची. औषधाचं नाव सांगितलं की गुण जातो, असं ती म्हणायची आणि गावही म्हणायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या पावसाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. एका पहाटे तिच्या मागं मागं गेलो. ओढ्याच्या काठाला ती वाकली आणि मागं न बघताच म्हणाली, “आलास का? ये. पर झाडावर सावली पाडू नगंस.”

वीतभर रोप होतं. आवळ्यासारखी बारीक पानं. तिनं फांदी उलटी करून दाखवली. “ही भुईआवळी. पानाच्या पाठीला बघ, मोहरीवानी दाणं. दाणं नसतील तर उपटायचं न्हाई, दुसरंच काय तरी आसंल.” मग खाली बसून म्हणाली, “आता बघितलंस तर ऐक. पैका घ्यायचा न्हाई. मानूस डोळ्यानं बघितल्याबिगर द्यायचं न्हाई, कुनाच्या हाती धाडायचं न्हाई. आन बाई दोन जिवांची आसंल तर द्यायचं न्हाई. त्याच दिशी गाडी जुंपून घोडनदीला न्यायला लावायचं. कुनी किती पाया पडलं तरी.”

“का गं, आजे?”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

आजी गेल्यावर लोक माझ्याकडं यायला लागले. मी दहावी शिकलेला, पेपर वाचणारा, अंधश्रद्धेविरुद्धची भाषणं ऐकलेला. आजीचं औषध मी घेतलं, पण तिच्या नियमांना चाळण लावली. सावली पाडायची नाही, हे सोडलं. रविवार-बुधवारच, हेही सोडलं. दोन जिवांच्या बाईला द्यायचं नाही, हे मला बायांच्या विटाळातलं वाटलं. जुनी माणसं बाळंतिणीला, विटाळशीला बाजूला बसवत, त्यातलाच हा प्रकार. मग तेही सोडलं. पैसा न घेणं आणि माणूस बघून देणं हे दोनच ठेवले, कारण त्यांत मला शहाणपण दिसलं. आपण किती नीट निवडलं, याचा मला थोडा अभिमानही होता.

पुढं कालव्याचं पाणी आलं. माळ फुटला, ऊस आला, आणि दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या रानाला लागून एका टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. पिण्याचं पाणी पाटाचंच. त्या साली टोळीतल्या दोघा-तिघांना कावीळ झाली. त्यांना मी औषध दिलं, गुण आला. मग एका कोयत्यातला गडी आपल्या बायकोला घेऊन आला. विशी-बाविशीतली पोरगी. डोळे हळदीसारखे. आठवा महिना.

मी म्हणालो, “दवाखान्यात दाखवलं असतं तर?”

तो म्हणाला, “अण्णा, खाडा पडला तर मुकादम कापून घेतो. उचल फिटायचीय अजून. बाकीच्यांना तुमच्या औषधानं गुण आला की. द्या तुम्हीच.”

पाटाच्या कडेला भुईआवळी बारमाही मिळते. पाच दिवसांचं औषध द्यायचं ठरलं. चौथ्या दिवशी सकाळी ती उठेना. उठवली तर भलतंच बरळायला लागली. जीप करून घोडनदीला नेली, तिथून पुण्याला. ती वाचली. पोटातलं लेकरू गेलं.

महिन्याभरानं तो गडी बिऱ्हाड आवरायला परत आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याची तयारीही केली होती. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाला, “अण्णा, लेकराचं नशीब नव्हतं. पर तुमच्या औषधाचा गुण म्हनून ही तरी वाचली.”

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. आजवर माझ्या हातून झालेल्या चुकांत औषध देण्याची चूक दुसऱ्या नंबरची मानतो. पहिल्या नंबरची ही.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी रागावून नव्हे, समजावून सांगितलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक निरोगी माणसांत आपोआप बरी होते. काही आठवडे लागतात, विश्रांती लागते, पण शरीरच ती निस्तरतं. मात्र त्या काविळीचा एक विषाणू असा आहे, हिपॅटायटिस ई नावाचा, की गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर उठतो. १९५५-५६ साली दिल्लीत गढूळ पाण्यानं काविळीची मोठी साथ आली होती, तेव्हा गरोदर बायांना तिचा फटका जास्त बसला. हा विषाणू वेगळा आहे हे पुराव्यानिशी कळायला पुढं दोन-अडीच दशकं गेली, आणि दिल्लीच्या साथीतलं पुण्यात जपून ठेवलेलं रक्त त्या तपासाच्या कामी आलं. “त्यावर तेव्हाही खात्रीचं औषध नव्हतं, आजही फारसं नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण पहिल्या दिवशी आली असती तर नजरेखाली राहिली असती. लेकरू वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. तुमचे चार दिवस मात्र फुकट गेले.”

मी घरी आलो आणि हिशेब मांडला. मी ज्यांना औषध दिलं त्यातले बहुतेक मी न देताही बरे झाले असते. मग गुण कुणाचा? भुईआवळीचा? माझ्या हाताचा? की त्या माणसाच्या शरीराचा, ज्याचं कुणी नाव घेत नाही? १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं होतं, की हिपॅटायटिस बी अंगात असलेल्यांना भुईआवळी दिल्यावर निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तातून त्या रोगाची खूण गेली. पुढं दुसऱ्या ठिकाणी तपासलं तेव्हा तसा गुण दिसला नाही. म्हणजे शिकलेल्यांनाही या प्रश्नाचं उत्तर एका दमात मिळालं नाही. पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक होता. गुण आला नाही, हेही त्यांच्याकडं लिहून ठेवतात.

त्यानंतर आमच्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्या चुलतीपाशी मी आजीचा विषय काढला. दोन जिवांच्या बाईचा तो नियम सांगितला. चुलती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तिची थोरली सून आठव्या म्हैन्यात काविळीनं गेली. म्हातारीनंच औषध दिलं व्हतं. तवापासून.”

माझ्या डोक्यातला विटाळ तिथं गळून पडला. मी ज्याला अंधश्रद्धा म्हणून टाकून दिलं, ती एका सुनेची राख होती. शास्त्राला साथी आणि रक्ताच्या बाटल्या लागल्या ते त्या बाईला एका मरणात उमगलं, आणि तिनं ते नियमात बांधून ठेवलं. पण नियमाबरोबर ‘का’ सांगितलं नाही. सांगणार तरी कशी? स्वतःच्या हातानं दिलेल्या औषधाची गोष्ट होती ती. ‘का’ नसलेला नियम म्हणजे टरफलासकट दाणा. नंतर येणारा ओंजळीत घेतो, फुंकर मारतो आणि टरफल समजून दाणाच उडवून देतो. सावली पाडू नको हेही तिनंच सांगितलं होतं, आणि दोन जिवांची असेल तर देऊ नको हेही तिनंच. दोन्ही एकाच आवाजात. मला फरक कळावा कसा? पण मी विचारलं किती वेळा? एकदा. ‘न्हाई म्हंजी न्हाई’ वर गप्प बसलो आणि पुढं स्वतःच न्यायाधीश झालो.

आता मूळ प्रश्न. औषधाची माहिती गुपित ठेवावी की सांगावी? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय.

गुपित ठेवल्यानं काय होतं ते आपण बघतोय. जाणती माणसं गेली, त्यांच्याबरोबर नावं गेली. माळ ऊसाखाली गेला. बांध पोखरून अरुंद झाले. उरलेल्या जागेत गाजरगवत माजलं. तेही परकंच, साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेला आलं. तणनाशकाच्या एका फवाऱ्यात माका, घेटुळी, दगडी पाला, भुईआवळी सगळी एकदमच जळतात, त्याला नावं विचारायची गरज पडत नाही. आणि आपण लिहून ठेवलं नाही तर दुसरा लिहितो. १९९५ साली अमेरिकेत, हळदीनं जखम भरते या गोष्टीचं पेटंट देऊन टाकलं होतं. आपल्या घराघरातली हळद! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्या परिषदेनं भांडून १९९७ साली ते पेटंट रद्द करायला लावलं. पण तिथं ‘आमची आजी लावायची’ एवढ्यावर भागलं नाही. जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुढं ठेवावे लागले.

मग सगळं सांगून टाकावं? करोनाच्या काळात तेही बघितलं. मोबाइलवर एकानं पाठवलं, शंभरांनी पुढं ढकललं, आणि जो तो गुळवेलीचा काढा प्यायला लागला. आमच्या बांधावरच्या लिंबाच्या वेली लोकांनी बुडापासून तोडून नेल्या. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी असा काढा घेतलेले आणि यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल घेतली गेली असावी. कोण बरोबर हे ठरवायची माझी पायरी नाही. पण दोघांचं धरलं तरी निघतं एकच: नाव पोचलं, ओळख पोचली नाही. पानामागचे दाणे बघ असं सांगणारं कुणी तिथं नव्हतं. धोत्र्याचंच घ्या. त्यातलं ॲट्रोपिन कीटकनाशक प्यालेल्या माणसाला दवाखान्यात टोचतात आणि त्याचा जीव वाचवतात. पण तोच धोत्रा कुणी अदमासानं खाल्ला तर त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. झाड एकच. फरक मापाचा, आणि माप धरणारा समोर असण्याचा.

तेव्हा भांडण गुपिताचं आणि सांगण्याचं नाहीच, असं मला वाटतं. आजीच्या त्या लपवालपवीत एक चांगली गोष्ट होती: औषधाबरोबर आजी जायची. ती डोळे बघायची, पुढच्या बुधवारी परत बोलवायची, आणि काही वाईट झालं तर लोकांना तिचा ओटा ठाऊक होता. मोबाइलवर नुसतं झाडाचं नाव जातं, मागं कुणी उभं नसतं. पण तिच्या लपवण्यात एक वाईट गोष्टही होती, ती म्हणजे चूक लपून राहिली. सांगायचं तर सगळं सांगावं. झाडाचं नाव, ओळख, माप, ते कुणाला द्यायचं नाही आणि ते कसं कळलं. यातलं एक जरी वगळलं तरी ते अर्धं सांगणं, आणि अर्धं सांगणं न सांगण्यापेक्षा वाईट.

विंचवाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. आघाड्याचं मूळ उगाळून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वेदना ‘उतरवल्या’. साध्या विंचवाची वेदना तशीही काही तासांनी उतरते. कोकणातला तांबडा विंचू मात्र माणसं मारायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात अशी मरणं डोळ्यांसमोर बघितली, टिपून ठेवली, आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. मरणं फार कमी झाली. त्यांनी ते जगाला उघड सांगितलं आणि त्यांच्या औषधाचा गुण गेला नाही. आजीनंही मरण बघितलंच होतं. तिला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती भरायला काही तरुण पोरं माझ्याकडं आली. झाडाचं नाव, स्थानिक नाव, उपयोग, असे रकाने. मी त्यांना म्हणालो, उपयोगापुढं अजून एक जागा सोडा, ‘कुणाला द्यायचं नाही’. पोरांनी कडेला पेनानं रेघ मारली. भुईआवळीपुढं त्या जागेत मी आजीचा नियम लिहिला. त्याखाली तिची सून, आणि तिच्याखाली ती टोळीतली पोरगी, नावाशिवाय. औषध देणारा म्हणून माझं नाव मात्र लिहिलं. एका पोरानं विचारलं, “अण्णा, हे कशाला लिहिताय?” मी म्हणालो, “हेच खरं औषध आहे. वरचं नुसतं झाड.”

गेल्या पावसाळ्यात रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या, आमच्याच भावकीतल्या एका पोराचा फोन आला. म्हणाला, “अण्णा, बांधावरच्या एका झाडाचा फोटो पाठवलाय. भुईआवळी हीच का?”

“कुणासाठी?”

“बायकोला कावीळ झालीय.”

“दिवस गेलेत का?”

तो जरा थांबला. “सातवा चालू आहे.”

“झाड राहू दे. आत्ताच्या आत्ता गाडी काढ आणि मोठ्या दवाखान्यात ने.”

दोन-तीन आठवड्यांनी तो घरी आला. बायको बरी होती, पोटातलं बाळही ठीक होतं. त्यानं पाया पडायला हात पुढं केला आणि म्हणाला, “अण्णा, तुमच्यामुळं.”

मी त्याचा हात धरला. म्हणालो, “बस. चहा घे. कुणामुळं ते सांगतो.”